थोरांचे सारथ्य



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'चालक' असे एकाच शब्दात उत्तर दिले. क्षणभर त्यांची मुद्रा चिंताक्रांत झाली. हा गृहस्थ आमच्याच कारभारावर तासभर बोलणार की काय, अशी शंका त्यांना आली असावी. ती मी लगेच दूर केली. मला बोलायचे आहे ते मोटारीच्या चालकाविषयी, आणि त्यातही मोठ्या माणसाची मोटार चालवणाऱ्या चालकाविषयी. मंत्री, सेनाधिकारी, न्यायाधीश, उद्योगपती, ज्याच्या जिवावर कोणी टपलेले असू शकते किंवा ज्याच्या जाण्याने एका घरापलीकडे पुष्कळांचे नुकसान होते, अशा माणसाचा जीव रोज कित्येक तास एका पगारी नोकराच्या दोन हातांत आणि एका पायात असतो. त्या नोकराला काय यावे लागते, आणि जे येते ते त्याला वापरू दिले जाते का, एवढाच आजचा प्रश्न.

नगरकरांना हा विषय परका वाटू नये. शासनाने जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव २०२४ साली दिले. तोंडात अजून नगरच येते, तेव्हा मीही तसेच म्हणतो. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती आपल्या नगर-पुणे रस्त्यावर, आणि तिचे चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे ही नावे आजही आवर्जून घेतली जातात. रणगाडा चालवायला शिकवणारे आर्मर्ड कोअरचे केंद्र आपल्या गावात आहे. लष्करी वाहनांची कसोटी घेणारी संशोधनसंस्थाही इथेच आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे लष्करात गाडीच चालवत होते. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या बाजूला झालेल्या माऱ्यातून ते वाचले, आणि पुढे आयुष्यात याच माणसाभोवती पोलिसांचे संरक्षण उभे राहिले. सारथी आणि रथी या दोन्ही जागांवरून रस्ता पाहिलेला असा माणूस विरळाच.

या विद्येची दोन अंगे आहेत. पहिले सावध सारथ्य: दुसरा चुकणार आहे असे धरून चालणे आणि त्याच्या चुकीला पुरेल एवढी जागा व वेळ आपल्यापाशी शिल्लक ठेवणे. दुसरे हुलकावणीचे सारथ्य: कोणी जाणूनबुजून वाट अडवली, पाठलाग केला, गोळी झाडली, तर त्या जागेवरून निसटणे. सिनेमामुळे लोकांना दुसऱ्याचेच आकर्षण फार. गाडी गर्रकन उलटी फिरते, धूळ उडते, टाळ्या पडतात. प्रत्यक्षात ज्याला पहिले नीट येते त्याला दुसऱ्याची वेळ क्वचितच येते, आणि ज्याला पहिले येत नाही त्याला दुसरे शिकवून उपयोग नसतो.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. कर्णपर्वात कर्णाचा सर्पमुख बाण सुटला तेव्हा श्रीकृष्णाने रथ भूमीत दाबला, घोडे गुडघ्यांवर आले, आणि बाण गळ्याऐवजी किरीट घेऊन गेला. ही हुलकावणीच होय. पण त्याच प्रसंगातली दुसरी गोष्ट कीर्तनात फारशी ऐकू येत नाही. बाण सुटण्यापूर्वी शल्याने, म्हणजे कर्णाच्या सारथ्याने, त्याला सांगितले होते की हा नेम बरोबर नाही, पुन्हा साध. कर्णाने उत्तर दिले की कर्ण दोनदा नेम धरीत नसतो. शल्याची निष्ठा संशयास्पद होती हे मान्य; परंतु त्या क्षणी त्याची नजर खरी होती, आणि रथीने ती मानली नाही.

माझ्या विषयाच्या दृष्टीने याहून मोलाची कथा वनपर्वात आहे. शाल्वाने द्वारकेवर स्वारी केली तेव्हा लढता लढता प्रद्युम्न मूर्च्छित पडला. त्याचा सारथी दारुकाचा मुलगा. त्याने कोणाला न विचारता रथ वळवला आणि रणातून बाहेर काढला. शुद्धीवर येताच प्रद्युम्न त्याच्यावर विलक्षण संतापला. वृष्णींच्या कुळात पाठ दाखवण्याची रीत नाही, आता वडीलधाऱ्यांना आणि स्त्रियांना तोंड कसे दाखवू, असे पुष्कळ बोलला. सारथ्याने शांतपणे सांगितले की रथी मूर्च्छित झाला असता त्याचे रक्षण करणे हाच सारथ्याचा धर्म होय. तू माझे रक्षण करावेस आणि मी तुझे, असा हा करार आहे. मग त्याने रथ परत नेला आणि असा काही हाकला की शत्रू पाहत राहिले. धन्याची अब्रू आणि धन्याचा जीव यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा नोकराने जीव निवडला, शिव्या खाल्ल्या आणि काम पुढे चालू ठेवले. महत्त्वाच्या माणसाचा चालक निवडताना मी असाच माणूस शोधीन.

आता मोटारीच्या युगात येऊ. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो शहरात ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला आणि त्यातून पहिले महायुद्ध पेटले, हे शाळेत सर्वांनी वाचले आहे. त्या मोटारीचा चालक लिओपोल्ड लोयका याचे नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत नसते. त्याच सकाळी युवराजावर बॉम्ब फेकण्यात आला होता. काहीतरी उडत येताना दिसताच लोयकाने गाडी वेगाने पुढे काढली. बॉम्ब मागच्या दुमडलेल्या टपावरून घसरला आणि मागल्या गाडीपाशी फुटला. त्या चालकाने एकदा युवराजाचा जीव वाचवला होता. मग नगरभवनात बसून मोठ्या लोकांनी पुढचा मार्ग बदलायचे ठरवले, आणि तो बदल चालकांना कोणी सांगितलाच नाही! लॅटिन पुलापाशी गाड्या जुन्या मार्गाने वळल्या. गव्हर्नर ओरडला, चुकलात, मागे घ्या. लोयकाने गाडी थांबवली. ती थांबली त्याच ठिकाणी, हाताच्या अंतरावर, प्रिन्सिप पिस्तूल घेऊन उभा होता. इतिहासकार या महायुद्धाची कारणे शोधतात, त्यांत साम्राज्ये येतात, तह येतात, शस्त्रास्त्रांची चढाओढ येते. ती सर्व खरी आहेत. पण गाडी त्या कोपऱ्यावर थांबली ती, ज्याच्या हाती चाक होते त्यालाच निरोप द्यायचे राहिले म्हणून.

याच्या उलट उदाहरण फ्रान्सचे. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे अध्यक्ष द गॉल यांच्या मोटारीवर दबा धरून बसलेल्या टोळीने बंदुका चालवल्या. रस्त्यावर मागाहून दीडशेहून अधिक पुंगळ्या सापडल्या. गाडीला चौदा गोळ्या लागल्या, दोन चाके फुटली. चालक फ्रान्सिस मारू थांबला नाही. पाय खाली दाबून, लडखडणारी गाडी सावरीत तो निघून गेला, आणि द गॉल दांपत्याला ओरखडाही आला नाही. सिट्रोएन गाडीच्या उत्तम बांधणीचे कौतुक तेव्हा फार झाले, आणि ते रास्तही होते. परंतु त्याआधी वर्षभरापूर्वी पोन-सुर-सेन येथे रस्त्याकडेला स्फोट होऊन ज्वाळा उठल्या, तेव्हा त्यांतून गाडी थेट पार करणाराही हाच मारू होता. द गॉल यांनी चालक बदलला नव्हता. चालक बदलला की प्रत्येक वेळी ओळख नव्याने, विश्वास नव्याने. पुढाऱ्यांकडे कपड्यांसारखे ड्रायव्हर बदलतात, तिथे ही गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही.

आता आपल्या मुलखातले उदाहरण. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली. जनरल वैद्य हे आर्मर्ड कोअरचे, म्हणजे नगरशी ज्या दळाचे नाते आहे त्या दळाचे अधिकारी. १९६५ साली खेमकरणच्या रणांगणात डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची पलटण त्यांनी लढवली आणि महावीरचक्र मिळवले. १९७१ साली ते दुसऱ्यांदा मिळवले. पुढे ते सेनाप्रमुख झाले. १९८४ सालच्या सुवर्णमंदिरातील कारवाईच्या वेळी ते त्या पदावर होते, म्हणून निवृत्तीनंतरही त्यांना धोका होता. त्या दिवशी ते बाजारातून घरी परतत होते. आपली छोटी मारुती स्वतः चालवत होते. शेजारी पत्नी, मागे एक अंगरक्षक. घराच्या वाटेवर वळण घेण्यासाठी गाडी मंद झाली, मोटारसायकल बाजूला आली, आणि काचेतून गोळ्या आल्या.

त्या वीर पुरुषाला दोष देण्याची माझी योग्यता नाही आणि इच्छाही नाही. साधेपणाने राहणारा सैनिक निवृत्तीनंतर आपली गाडी आपण चालवतो, यात आदरच वाटावा. पण विद्यार्थ्यांना ही घटना समजावून सांगताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात. हल्ला घराजवळ झाला. कारण माणूस दहा वाटांनी हिंडला तरी घराला शेवटची वाट एकच असते. हल्ला वळणावर झाला. कारण तिथे गाडीला मंद व्हावेच लागते. आणि रथी व सारथी एकच असल्यामुळे, गोळी लागताक्षणी गाडी तिथून काढून नेणारा कोणी उरला नाही. मागच्या अंगरक्षकाच्या हाती बंदूक असू शकते, चाक नसते.

अठराशे सत्त्याण्णवच्या २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडला गाठले, तेव्हाही यांतल्या दोन गोष्टी तशाच होत्या. चाफेकरांच्या देशभक्तीविषयी इथे कोणाला सांगायला नको. मी केवळ रस्त्यापुरते बोलतो. राजभवनातील समारंभ संपल्यावर साहेबाची गाडी कोणत्या वाटेने आणि साधारण केव्हा निघणार हे ठरलेले होते. घोड्यांकडे तोंड करून बसलेल्या गाडीवानाला पाठीमागे कोण चढले हे दिसण्याची सोय नव्हती. मोटारीला पुढे आरसे आले, ते याच उणिवेवरचा उपाय होत. आणि तरीही आपल्याकडे पुष्कळ गाड्यांच्या आरशांचा उपयोग भांग पाडण्यासाठीच होतो.

मग चालकाने करावे काय? शिकवण्यासारखे पुष्कळ आहे, पण बरेचसे ऐकायला अगदी साधे आहे. पुढच्या गाडीमागे थांबताना तिची मागची चाके जमिनीला टेकलेली दिसतील एवढे अंतर ठेवावे. म्हणजे ती हलली नाही तरी आपल्याला मागे न घेता बाजूने निघता येते. हे अंतर सोडले की मध्ये रिक्षा घुसते, मागचा भोंगा वाजवतो, आणि साहेब म्हणतात, "अरे, पुढे घे की!" चालकाची पहिली परीक्षा इथे होते. थांबल्यावरही गाडी गिअरमध्ये असावी. मोठ्या माणसासाठी दार उघडायला चालकाने उतरू नये. ते अंगरक्षकाचे काम. चालक खाली उतरला की गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आपल्याकडे मात्र धावत जाऊन दार उघडणारा ड्रायव्हर अदबशीर ठरतो आणि जागेवर बसून राहणारा उद्धट. गाडी उभी करताना तोंड बाहेरच्या बाजूला असावे. रोज एकच वेळ आणि एकच वाट नसावी. तीच मोटारसायकल आरशात पुन्हा दिसली तर लागोपाठ चार वळणे घेऊन मूळ रस्त्यावर यावे. कोणताही शहाणा प्रवासी असा निरर्थक फेरा घालत नाही, म्हणून तरीही ती मागे असेल तर संशय पक्का. मग घरी जाऊ नये, जवळच्या पोलीस ठाण्यात गाडी घालावी.

आणि खरोखरच वाट अडवली तर? थांबायचे नाही. पुढे फट असेल तर पुढे, नसेल तर मागे. उलटे जाताना गाडी सरळ आणि वेगाने नेता येणे हे गर्रकन फिरवण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे, आणि त्याचा सराव मोकळ्या मैदानावर शेकडो वेळा करावा लागतो. डॅलस शहरात २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची उघडी गाडी ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास चालली होती. पहिल्या आवाजानंतर चालकाने मागे वळून पाहिले, आणि गाडीने वेग घेण्याआधी जीवघेणी गोळी लागून गेली होती. तो मनुष्य अनुभवी होता. काय झाले हे पाहण्याची इच्छा मनुष्यस्वभावात आहे. सराव असतो तो ती इच्छा मोडण्यासाठी. चिलखती गाडी दिली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. पोलाद आणि जाड काच यांनी तिचे वजन टनाहून अधिक वाढते, ब्रेक लावल्यावर ती उशिरा थांबते, वळणावर बाहेर ओढली जाते. साध्या गाडीवर शिकलेला हात तिच्यावर फसतो.

इथवर मी बंदुकांच्या गोष्टी सांगितल्या, कारण त्या ऐकाव्याशा वाटतात. आता खरे सांगायचे ते सांगतो. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत रस्त्यावर जी मोठी माणसे गमावली, ती गोळीने नव्हे. ३ जून २०१४ रोजी सकाळी गोपीनाथराव मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन अवघे आठ दिवस झाले होते, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात त्यांच्या सत्काराची तयारी चालू होती. चौकात दुसरी मोटार बाजूने आदळली आणि मागच्या आसनावर बसलेले मुंडे गेले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी उत्तम बनावटीची होती, पुढचे दोघे वाचले, मागे पट्टा न बांधता बसलेले दोघे गेले. त्याआधी तीनच आठवडे, १४ ऑगस्टला पहाटे, मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी बीडकडून रात्रीतून मुंबईला निघालेले विनायकराव मेटे द्रुतगती मार्गावर अपघातात गेले. या तिन्ही ठिकाणी मारेकरी कोणी नव्हता. वेळ होती, वेग होता, रात्र होती, न बांधलेला पट्टा होता. कुठे यांतले एक, कुठे दुसरे.

मागच्या आसनावर पट्टा बांधण्याचा नियम आपल्याकडे पूर्वीपासून आहे. पण मागे बसणारा मोठा माणूस असतो, आणि "साहेब, पट्टा लावा" असे म्हणण्याची हिंमत पुढे बसणाऱ्या नोकराला होत नाही. ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर जाते. म्हणजे चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच हे सभागृह संपते. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारी जागा चौपट होते. ही गणिते आठवीच्या मुलाला येतात. साहेबांनाही येतात. तरी "जरा दाबा, सभा खोळंबलीय" हे वाक्य आपल्या रस्त्यांवर रोज उच्चारले जाते. चालकाच्या वयाचा मुलाहिजा न ठेवता, पंचावन्न वर्षांच्या माणसाला एकेरी हाक मारून उच्चारले जाते.

आणि झोप! मोठ्या माणसाचा दिवस पहाटे सुरू होऊन मध्यरात्री संपतो, परंतु तो गाडीत डोळा लावू शकतो. चालकाला ती सोय नाही. साहेब सभेत असतात तेव्हा तो गाडीजवळ उभा. साहेब पंगतीत बसतात तेव्हा त्याचे ताट शेवटी, कधी तेही नाही. साहेब मुक्कामाला झोपतात तेव्हा हा पुढच्या आसनावर पाय दुमडून, काच अर्धी खाली करून डासांशी झगडत असतो. सतरा तास जागा असलेल्या माणसाची सावधगिरी शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. प्यालेल्या ड्रायव्हरला आपण गाडीला हात लावू देणार नाही; जागलेल्या ड्रायव्हरला मात्र 'कामसू' म्हणून बक्षीस देतो. एस.टी.च्या किंवा मालवाहतुकीच्या चालकासाठी १९६१ सालापासून दिवसाला आठ तासांचा कायदा आहे. तो पाळला जातो किती, हा भाग निराळा. खासगी मोटार चालवणाऱ्या नोकराला तोही लागू नाही. त्याचे कामाचे तास म्हणजे मालकाची मर्जी.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. मोठ्या माणसाच्या चालकाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार लेखी द्यावा. पट्टा बांधल्याशिवाय गाडी हलणार नाही. ठरलेल्या तासांनंतर दुसरा चालक मिळाल्याशिवाय रात्रीचा प्रवास होणार नाही. मार्ग बदलला तर तो चालकाला सर्वांच्या आधी कळेल. आणि गाडी चालू असताना तिच्या वेगाविषयी मागून आज्ञा येणार नाही. जहाजावर राजा असला तरी हुकूम कप्तानाचा चालतो. विमानात मंत्री वैमानिकाला "जरा दाबा" म्हणत नाही. मग रस्त्यावरच हा न्याय का नाही? कारण वैमानिकाला आपण विद्यावंत समजतो आणि ड्रायव्हरला हरकाम्या. मे २०१७ मध्ये गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, ते चांगलेच झाले. त्या दिव्याने रस्ता मोकळा होई, पण चालकाच्या डोक्यात वेगाची हवाही भरे. दिवा गेला, हवा पुरती गेलेली नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते थोडे सांगून थांबतो. शिर्डी आणि शनिशिंगणापूर इथे वर्षभर मोठ्या लोकांची रीघ असते. ६ मे २०२५ रोजी तर राज्याचे मंत्रिमंडळच बैठकीसाठी जामखेड तालुक्यात चौंडीला आले होते. ताफे येतात ते नगर-मनमाड रस्त्याने, करंजीच्या घाटाने, चंदनापुरीच्या घाटाने. आणि १९५० साली प्रवरेकाठी सहकारी कारखाना सुरू झाल्यापासून जे वैभव या जिल्ह्याला आले, त्याच्याबरोबर गळीत हंगामातली उसाची वाहतूकही आली. दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत रात्री या रस्त्यांवर उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा नाही, उसाची वाढे खाली लोंबून होता तो तांबडा रिफ्लेक्टरही झाकलेला. परगावच्या चालकाला ती काळी भिंत दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ताफ्यातल्या चालकाला बाँबशोधक पथकाची टिपणे मिळतात. वाटेवर कोणता कारखाना चालू आहे आणि उसाच्या गाड्या कोणत्या फाट्यावरून हमरस्त्यावर चढतात, हे टिपण त्याला कोणी देत नाही. कारखान्यांनी गाडीच्या मागे, वाढ्यांच्या बाहेर, चकाकणारे कापड बांधल्याशिवाय वजनकाट्यावर गाडी घेऊ नये, एवढे केले तरी त्यात बैलांचा आणि गाडीवानाचाही जीव वाचेल. त्यांच्या जिवाची किंमत साहेबांच्या जिवाहून कमी आहे असे समजण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

आणि या सभागृहात जी मंडळी लग्नकार्यात, उद्घाटनात, सत्कारात पाहुणे बोलावतात, त्यांना एक विनंती. पाहुण्यांच्या खोलीची व्यवस्था करता, त्या यादीत चालकासाठी एक खाट आणि पंखा लिहा, आणि त्याचे ताट पहिल्या पंगतीला वाढा. कारण परत निघताना आधी चाकावर बसायचे त्यालाच असते. प्रश्न विचारायचे असतील त्यांनी अवश्य विचारावे.